आधी पट वाचा, मग पुस्तक: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या प्राथमिक शिक्षकांसाठी

दसरा झाला की दिंडोरी-निफाडकडच्या शाळांचा पट हलायला लागतो. ऑक्टोबर छाटणीच्या कामाला सुरगाणा, पेठकडून माणसं द्राक्षबागांत उतरतात आणि त्यांच्याबरोबर पोरंही येतात. त्याच आठवड्यात तिकडे पाड्यावरच्या शाळेत मागच्या रांगा रिकाम्या पडतात. सातपूर-अंबडच्या शाळेत गेलात तर कारखान्यांतल्या कामगारांची हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं भेटतील. सटाणा, देवळा, कळवणकडे घरात अहिराणी, आणि मालेगावात एका गल्लीत मराठी शाळा तर पलीकडच्या गल्लीत उर्दू. अशा जिल्ह्यात शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक घेऊन आलेला शिक्षणसेवक कधी लातूरचा असतो, कधी कोल्हापूरचा. त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी हे लिहिते आहे. शहरातल्या इंग्रजी शाळेत लागलेल्यांनाही यातलं बरंच चालेल.

एक आधीच सांगते. 'समावेशक शिक्षण' हा शब्द प्रशिक्षणात इतक्या वेळा कानावर पडतो की तो ऐकला की चहाची आठवण होते. इथे मी तो फारसा वापरणार नाही. वर्गात बसलेलं प्रत्येक पोर वर्षभरात निदान काही वेळा पुस्तकात स्वतःचं घर बघेल, आणि बाकीच्या वेळी दुसऱ्याचं घर बघेल, एवढंच साधायचं आहे.

पहिला आठवडा: पट वाचा

हजेरीपटावर नाव, जन्मतारीख, जात, आधार एवढं असतं. आपल्याला हवं असतं ते वेगळं. एक साधी वही करा, प्रत्येक मुलाला एक पान. घरात कोणती बोली बोलतात, घरी कोण कोण असतं (आई-वडील कामाला गेलेत आणि पोर आजीकडे आहे, असं खूप असतं), घरचे काम काय करतात, वर्षातले किती महिने गावात असतात, फळ्यावरचं दिसतं का, हाक मारली की वळून बघतं का.

हे सगळं वर्गात उभं करून विचारायचं नाही. जात तर मुळीच नाही. ती कागदावर आहे, तिथेच राहू द्या. घरची बोली कळायला मी एक प्रश्न विचारते: "आजी तुला जेवायला कशी हाक मारते?" पोरं लगेच आजीच्या आवाजात ओरडून दाखवतात. एकीकडून "जेवाले ये!" येतं, दुसरीकडून "आ जा, खाना खा ले." दहा मिनिटांत वर्गाचा भाषेचा नकाशा तयार होतो आणि कुणालाच चौकशी झाल्यासारखं वाटत नाही. "तुझी मातृभाषा कोणती?" असं विचारलंत तर सगळे "मराठी" म्हणतील. तेच उत्तर बाईंना हवं असतं, हे त्यांना पहिलीतच कळलेलं असतं.

वही कुलपात ठेवा. ती शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांना दाखवायची फाईल नाही.

दुसरा आठवडा: कपाट मोजा

आता ग्रंथालयाचं कपाट उघडा. ते उघडणार नाही, कारण किल्ली सापडणार नाही. सापडली की सगळी पुस्तकं ताटपट्टीवर काढा आणि तिसरी-चौथीच्या मुलांनाच मोजायला लावा. प्रत्येक गटाला पंधरा-वीस पुस्तकं आणि एक कोरा कागद. काय मोजायचं ते आधी फळ्यावर लिहा: स्वयंपाकघरात कोण दिसतं, घराबाहेर कामाला कोण जातं, घर कसलं आहे (कुडाचं, कौलारू, पत्र्याचं, फ्लॅट), चष्मा किंवा कुबडी किंवा चाकाची खुर्ची कुणाला आहे का, मुख्य मुलाचं नाव काय, राजा किती पुस्तकांत आहे. ताळ्याच्या खुणा मारायच्या. गणिताचा तासही त्यात निघतो, पाठाच्या टाचणात तसं लिहा.

आमच्या मोजणीत राजे पुष्कळ निघाले, ससे त्याहून जास्त, आणि पत्र्याचं घर एकही नाही. त्या वर्गातली निम्मी पोरं पत्र्याखाली झोपत होती. मी काही बोलायच्या आधीच एका मुलीने विचारलं, "बाई, पत्र्यावर पाऊस वाजतो ते कुणीच का लिहिलं नाही?"

अशा मोजणीतून बदल होतो. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात बाई आणि माणूस दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, तेव्हा त्याची बातमी झाली होती. एका साध्या चित्राची बातमी व्हावी, यावरून आधीची चित्रं कशी होती ते समजा.

यामागचा विचार अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडला. त्यांच्या मते पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, आणि कधी सरकतं काचेचं दार, ज्यातून वाचणारा पलीकडे पाऊल टाकतो. त्या तिथल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दल बोलत होत्या, पण सुरगाण्याच्या पोराला राजवाड्याच्या खिडक्याच खिडक्या मिळतात आणि आरसा एकही नाही, ही गोष्ट तीच आहे. उलट नाशिक शहरात गंगापूर रोडवरच्या सुखवस्तू मुलाच्या खोलीत आरसेच आरसे. त्यालाही खिडकी लागते. हे दुसरं आपण विसरतो आणि 'अशी' पुस्तकं फक्त पाड्यावर पाठवतो.

पुस्तकं कुठून आणायची

पैसे नाहीत असं गृहीत धरून सांगते. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रगोष्टी तिथे फुकट वाचता येतात, उतरवून छापता येतात आणि स्वतः भाषांतरही करता येतं, कारण परवाना खुला आहे. गोष्टींना वाचनाचे चार स्तर दिलेले असतात. पहिलीसाठी पहिला स्तर म्हणजे चित्र मोठं आणि वाक्य एखादंच. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं आपल्याच घरांतली आणि अंगणांतली वाटतात. तूलिका प्रकाशनाची काही पुस्तकं द्विभाषिक आहेत. हिंदी बोलणाऱ्या पोरांसाठी भोपाळच्या एकलव्य संस्थेची पुस्तकं मागवा. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत.

नाशिक शहरात असाल तर १८४० सालापासूनच्या सार्वजनिक वाचनालयात एक दुपार घालवा. आणि पुस्तकांच्या पेट्या फिरवायची कल्पना या शहराला नवी नाही, 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम इथलाच. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या, चार शाळांनी मिळून एकच पेटी केली आणि शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेच्या दिवशी अदलाबदल केली तरी वर्ष निघतं.

निवडताना काय बघायचं

इथे थोडं थांबते, कारण नवा शिक्षक इथेच फसतो. मुखपृष्ठावर आदिवासी मुलगी दिसली की पुस्तक विविधतेचं झालं, असं नाही.

पहिली कसोटी: गोष्टीत काही करतं कोण? आदिवासी किंवा गरीब मुलाची अडचण दर वेळी शहरातले साहेब येऊन सोडवत असतील तर ते पुस्तक साहेबांचं आहे. दुसरी: अपंग मुलाला मित्र कधी मिळतात? शर्यत जिंकल्यावर, कुणाचा जीव वाचवल्यावर? म्हणजे नुसतं पोर असणं पुरेसं नाही, असं ते पुस्तक सांगतंय. तिसरी: 'बिचारा' हा शब्द शोधा. सापडला तर पुस्तक परत ठेवा.

चौथी कसोटी मराठीची खास आहे. बोली कोण बोलतं ते बघा. आई-वडील आणि गुरुजी प्रमाण मराठीत, आणि गडी, चोर नाहीतर विनोदी मामा बोलीत, असं असेल तर अहिराणी बोलणारं पोर त्या गोष्टीतून काय घेऊन घरी जाईल? हे मी कितीतरी वर्षं वाचत होते आणि लक्षातच आलं नव्हतं.

आणि चित्रं. वारली चित्रं सुंदरच असतात, पण आदिवासी म्हटलं की दर वेळी पिसं, ढोल आणि रिंगण नाच. मला अशी गोष्ट हवी असते जिच्यात पाड्यावरच्या पोराची शेळी हरवते आणि ते ती शोधतं. बास. नागलीची भाकरी तिथे जेवण म्हणून असावी, ओळख करून द्यायला मांडलेली नसावी.

वाचून दाखवणं

पुस्तक आदल्या दिवशी घरी मोठ्याने वाचा, दोनदा. कुठे थांबायचं ते पेन्सिलने खूण करा. वर्गात पोरांना जवळ घ्या, पुस्तक छातीशी बाहेरच्या बाजूने धरा, पान उलटायच्या आधी चित्रावरून हळूच फिरवा. वीस मिनिटं पुरतात. तीच गोष्ट आठवड्यात तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती ऐकू द्या, दुसऱ्यांदा बोलू द्या, तिसऱ्यांदा पोरंच निम्मी वाक्यं म्हणतात. "सारखं तेच काय?" असं फक्त मोठी माणसं विचारतात.

शेवटी तात्पर्य विचारू नका. "या गोष्टीतून काय शिकलो?" म्हटलं की सगळा वर्ग एका सुरात "खोटं बोलू नये" म्हणतो, गोष्ट कशाचीही असो. त्याऐवजी विचारा, "तिने दार का उघडलं नसेल?" "त्या पानावर मांजर कुठे बघत होतं?" "तू असतास तर आधी कुणाला सांगितलं असतंस?"

आता माझी चूक. बदलीनंतरच्या पहिल्या वर्षी मी वीटभट्टीवरच्या मुलीची गोष्ट वाचली. गोष्ट छान रंगली होती. वर्गात एका मुलाचे आई-वडील भट्टीवर कामाला होते, आणि मी उत्साहाने त्याच्याकडे वळले: "सांग रे, तुमच्याकडे असंच असतं ना?" पंचवीस माना त्याच्याकडे वळल्या. तो खाली बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी पायी भट्टीवर गेले, तेव्हा त्याच्या आईने मला पाणी दिलं आणि तो विटांच्या आडून बघत होता.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: प्रश्न पुस्तकातल्या पोराबद्दल विचारायचे, वर्गातल्या पोराबद्दल नाही. ज्याला स्वतःहून "बाई, आमच्याकडे पण" म्हणायचं असेल तो म्हणेल, आणि तेव्हा बाकीचं सगळं बाजूला ठेवून ऐका. आठ महिन्यांनी त्याच मुलाने वर्गाला सांगितलं की पुस्तकातली भट्टी चुकीची रचलीय, अशी रचली तर विटा कच्च्या राहतील. मग पंधरा मिनिटं तो फळ्यावर चित्र काढत होता.

बोली: हसू नका, हसू देऊ नका

पोर गोष्टीबद्दल बोलताना "पानी" म्हणालं तर तिथल्या तिथे "पाणी म्हण, पाणी" असं करू नका. न-ण वरून मराठी शाळेत जेवढी तोंडं बंद झाली आहेत तेवढी छडीनेही झाली नसतील. बोलू द्या. लिहिताना, वेगळ्या तासाला, दोन्ही शब्द शेजारी मांडा: घरी असं, पुस्तकात असं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की शक्य तितकं शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, असं आहे. कुणी आक्षेप घेतला तर हे दोन आधार हाताशी असू द्या. मात्र खरा आक्षेप वरून येत नाही, तो पालकांकडून येतो. "आमची बोली आम्हाला येते, तिला मराठी शिकवा, इंग्रजी शिकवा." त्यांचं चुकत नाही. त्या बोलीपायी बाजारात आणि कचेरीत काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांना माहीत असतं. मी वाद घालत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांच्याच पोरांकडून एक पान बोलीत आणि तेच पान मराठीत वाचून घेते. पोरगं दोन्ही वाचतं हे बघितलं की बोलणं सोपं होतं.

ती पानं कुठून आणायची? स्वतः करायची. एक ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ घरं पाडा. उलगडून आडवा अर्धा दुमडा, आणि दुमडीच्या बाजूने मधल्या रेघेवर एका घरापुरती कात्री चालवा. पुन्हा उलगडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. आठ पानांचं पुस्तक तयार, ना टाचणी ना डिंक. वर चित्र, खाली बोलीतलं वाक्य, त्याखाली मराठी. अहिराणी वर्गात पहिलं पान बहुतेक "हाई मनी माय शे" असंच असतं. बोली जशी कानाला येते तशी लिहा. शुद्धलेखनाची लाल शाई इथे बंद.

गोष्टी गावात आहेत. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा या उत्सवात मुखवटे घालून सोंगं नाचतात; ते मुखवटे करणाऱ्या आजोबांना शनिवारी शाळेत बोलवा. नाचून दाखवा म्हणू नका, मुखवटा कशाचा करतात आणि पहिला कुणी शिकवला ते विचारा. कळवण-सटाण्याकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाचे दिवस असतात, पावरी वाजते. आजीला बोलवायचं तर तिच्या मजुरीचा दिवस बघून बोलवा. रोज बुडवून ती का येईल?

दिसणं, ऐकणं, बसणं

दिव्यांग हक्क कायद्यात २०१६ पासून २१ प्रकार आहेत. तुम्हाला ते पाठ नकोत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात फिरतात. त्यांचा नंबर पहिल्याच महिन्यात घ्या आणि शंका असेल तर वाट बघू नका. तोवर एवढं करा. ऐकू कमी येणाऱ्या मुलाकडे तोंड करून वाचा, फळ्याकडे बघून बोलू नका, आणि खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, कारण मग तुमचा चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. कमी दिसणाऱ्यासाठी गोष्ट जाड काळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहून काढा. चित्रावर डाळ, कापूस, पोत्याचा तुकडा चिकटवला तर तो हाताने वाचतो, आणि बाकीची पोरंही रांगेत उभी राहतात. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलाला गोष्ट कधी सुरू होणार ते आधी सांगा, पान उलटायचं काम त्याला द्या. आणि कपाटाचा खालचा कप्पा बघा. तिथे पोषण आहाराची जुनी रजिस्टरं असतील तर ती वर टाका आणि पुस्तकं खाली आणा.

कुणी काही लागेल असं बोललं तर

बोलणार. रंगावरून, डब्यावरून, आडनावावरून. "असं बोलू नये" म्हणून पुढे गेलात तर ते मैदानात बोलतील. ज्याला बोललं गेलं त्याच्याकडे आधी जा, जवळ उभ्या राहा. मग बोलणाऱ्याला शांतपणे विचारा, "हे कुठे ऐकलंस?" बहुतेक वेळा उत्तर घरचं असतं, म्हणून ओरडून उपयोग नसतो. त्या दिवशी बोधकथा काढू नका. आठवड्याने दुसरीच गोष्ट वाचा, ज्यात तसं काही घडतं.

चौथीला मी पंचवटीतल्या काळाराम मंदिराचं सांगते. शहरातल्या बहुतेक सहली पंचवटीत जातात, पण २ मार्च १९३० ला याच दारासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड त्यात होते, हे कुणी सांगत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं. दार होतं, आणि काही माणसांना आत येऊ देत नव्हते. पोरं विचारतात, "का?" मी म्हणते, तेच ती माणसं विचारत होती. वर्गातल्या कुणाकडेही न बघता सांगते.

मुख्याध्यापक म्हणतील, वाचन-गणिताच्या 'निपुण' अभियानाची चाचणी जवळ आलीय, गोष्टी कशाला. सांगा की वाचन यायला वाचायला काहीतरी लागतं. परिपाठातली पाच मिनिटं, भाषेचा एक तास आणि शनिवार एवढ्यात हे सगळं बसतं. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, पोरांना पिसं लावून फोटो काढायचा आग्रह झाला तर टाळता येईल तितका टाळा.

छाटणीला निघालेलं पोर

पाड्यावरच्या शाळेत असाल तर दसऱ्याआधी कोण जाणार याची यादी करा. प्रत्येकाच्या पिशवीत दोन पुस्तकं घाला, एक छापील आणि एक त्याने स्वतः केलेलं, आणि शाळेचं नाव व तुमचा नंबर लिहिलेला पुठ्ठा. तिकडच्या गुरुजींना तो पुठ्ठा दिसला तर फोन येतो. बागेकडच्या शाळेत असाल तर पोर आलं की पहिल्या दिवशी पिशवीत पुस्तक आहे का बघा आणि तेच पुस्तक वर्गाला वाचून दाखवा.

पुस्तकं मार्चनंतर परत येतात ती भिजलेली, फाटलेली, कधी पानावर बागेतल्या औषधाचा निळा डाग. दंड घेऊ नका. चिकटपट्टीही लावू नका, ती वर्षात पिवळी पडते आणि कागद सोबत घेऊन सुटते. मैद्याची पातळ खळ करा, त्यात चिमूटभर मोरचूद घातलं तर कीड लागत नाही, पण ते विषारी असतं म्हणून ते काम तुम्ही करा आणि मग हात धुवा. पतंगाच्या कागदाची पट्टी फाटलेल्या जागी लावा, वरून जुनं दप्तर ठेवून रात्रभर दाबा. सकाळी पोरं आली की पुस्तक पुन्हा खालच्या कप्प्यात.